भीती वाटते, तरी पान का उलटतो?

भूतबीत काही नसते, असे तुम्ही मित्रांना ठणकावून सांगत असाल. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तसे सांगितलेच पाहिजे. पण एखाद्या जुन्या, ओसाड वाड्याची कादंबरी रात्री वाचायला घ्या. वाड्यात कोणी तरी नव्याने राहायला येते. माडीवरची एक खोली वर्षानुवर्षे कुलूपबंद असते. मध्यरात्री त्या खोलीतून पावलांचा आवाज येऊ लागतो, आणि नेमके त्याच वेळी तुमच्या स्वयंपाकघरात भांडे वाजते! तुमच्या छातीत धस्स होते. अंगावर काटा येतो. तहान लागलेली असूनही माठापर्यंत जायला पाय धजत नाहीत.

आता गंमत पहा. एवढे होऊनही तुम्ही पुस्तक मिटत नाही. उलट पुढचे पान उलटता. कुत्रा अंगावर धावून आला, तर वाटणारी भीती कोणालाच नको असते. मग हीच भीती पुस्तकातून आली की हवीहवीशी का वाटते? आणि भुतांवर मुळीच विश्वास नसणाऱ्यालाही ती का वाटते? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर थोडा इतिहास पाहावा लागेल आणि थोडे आपल्या शरीरातही डोकवावे लागेल.

पुस्तकातला पहिला भुताळी वाडा

इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल नावाचा एक हौशी गृहस्थ होता. त्याला मध्ययुगीन इमारतींचे भारी वेड. लंडनजवळ ट्विकनहॅम येथे त्याने स्वतःचे घरही तसेच बांधून घेतले होते. टोकदार कमानी, रंगीत काचा, अंधारे जिने असा सगळा थाट होता. एके रात्री त्याला स्वप्न पडले, की जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात ठेवलेला आहे. त्या स्वप्नावरून त्याने ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ ही कादंबरी लिहिली. ती १७६४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्याने तिला ‘गॉथिक कथा’ असे म्हटले आणि तेव्हापासून अशा कादंबऱ्यांना ‘गॉथिक’ हे नाव चिकटले.

हा शब्द मुळात गॉथ नावाच्या प्राचीन टोळ्यांवरून आला. पुढच्या काळातील इटालियन विद्वानांना मध्ययुगीन बांधकाम रानटी वाटे. म्हणून त्यांनी त्याला हिणवून गॉथिक म्हटले. म्हणजे आधी टोळी, मग इमारत आणि नंतर त्या इमारतीत घडणारी गोष्ट, असा या शब्दाचा प्रवास झाला.

वॉलपोलनंतर ॲन रॅडक्लिफ या लेखिकेने हा प्रकार फार लोकप्रिय केला. तिची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ ही कादंबरी १७९४ मधली. तिचा विशेष असा, की भुताटकी वाटणाऱ्या घटनांचा ती शेवटी नैसर्गिक उलगडा करून दाखवी. म्हणजे वाचकाला भुतावर विश्वास ठेवायला न लावताही घाबरवता येते, हे दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते!

जेन ऑस्टिनने तर या वेडाची मजेदार थट्टा केली. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीतील नायिका कॅथरिन अशाच कादंबऱ्या वाचून वाचून भारावलेली असते. एका जुन्या घरात ती पाहुणी म्हणून जाते. वादळी रात्री तिला खोलीतल्या काळ्या कपाटात कागदांची एक गुंडाळी सापडते. तेवढ्यात मेणबत्ती विझते. बिचारी रात्रभर थरथरत पडून राहते. सकाळी उजेडात पाहते, तर ते कागद म्हणजे धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या याद्या! कपाट तेच, कागद तेच. भीती मात्र तिने स्वतःच्या डोक्यातून आणलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

शरीरात काय घडते?

घाबरल्यावर शरीरात काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने केला. १९१५ साली त्याने त्यावर ग्रंथही लिहिला. धोका जाणवताच दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात. श्वास जलद होतो. हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळू लागते आणि पचनाचे काम तात्पुरते मंदावते. तोंडाला कोरड पडते ती याच धांदलीत. ही सारी तयारी ‘लढा किंवा पळा’ यासाठी असते.

अंगावर काटा येतो, तोही याच तयारीचा भाग आहे. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. तो आकसला की केस उभा राहतो. मांजर घाबरले की फुगून दुप्पट दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, पण स्नायू मात्र आपले जुने काम इमानेइतबारे करीत आहेत.

धोक्याची ही घंटा वाजवण्यात मेंदूच्या आत खोलवर असलेला, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग पुढाकार घेतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याचे काम पहारेकऱ्याचे आहे. पहारेकऱ्याने शंका येताच आरडाओरडा करायचा असतो. खरे काय ते नंतर पाहता येते. वाळलेल्या पानांत सळसळ झाली, तर ती वाऱ्याची असताना साप समजून उडी मारणे परवडते. साप असताना वारा समजणे परवडत नाही. म्हणून आपला मेंदू चुकायचेच असेल तर भीतीच्या बाजूने चुकतो.

पण पुस्तकात तर सळसळही नाही. कागदावर काळी अक्षरे आहेत, एवढेच. मग पहारेकरी जागा कसा होतो?

अक्षरांतून चित्र, चित्रातून भीती

या प्रश्नाचे सुंदर उत्तर ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झालेल्या एका प्रयोगातून मिळाले. काही लोकांना मनासमोर चित्रच आणता येत नाही. ‘आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणा’ असे सांगितले, तर त्यांना आईविषयीची सगळी माहिती आठवते, पण चेहरा दिसत नाही. त्यांची बुद्धी इतरांसारखीच असते, फक्त मनातला चित्रपट नसतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी अशा लोकांना आणि इतर सामान्य लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्या. भीती वाटली की त्वचेवर किंचित घाम येतो आणि त्वचेतून वीज थोडी सहज वाहते. ती मोजण्याची तारही बोटांना लावली होती.

गोष्ट रंगत गेली तशी सामान्य लोकांची वीज वाढत गेली. ज्यांना मनात चित्र दिसत नाही, त्यांची मात्र जवळजवळ होती तेथेच राहिली! मग दोन्ही गटांना भीतीदायक छायाचित्रे दाखवली, तेव्हा दोघेही सारखेच दचकले. हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पुस्तकातली भीती थेट अक्षरांतून येत नाही. लेखक चार ओळी देतो. त्यांवरून तुम्ही मनात जिना उभारता, त्यावर अंधार पसरता, अंधारात कोणाला तरी उभे करता आणि मग त्यालाच घाबरता. कॅथरिनच्या कपाटाचे रहस्यही हेच. म्हणून कादंबरी वाचून भीती वाटली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘मी भित्रा आहे’ असे त्यातून सिद्ध होत नाही. तुमची कल्पनाशक्ती चांगली काम करीत आहे, एवढेच सिद्ध होते.

ठेच्याची गोष्ट

भीती कशी येते ते समजले. आता ती आवडते का, हे पाहू. त्यासाठी क्षणभर जेवणाच्या ताटाकडे वळावे लागेल.

भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाताना नाकाडोळ्यांतून पाणी येते. तरी आपण पुन्हा बोट बुडवतोच. मिरचीत कॅप्सायसिन नावाचे द्रव्य असते. जिभेवर उष्णता ओळखणारे जे प्रथिन असते, त्यालाच ते जाऊन चिकटते. हेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापलेली वस्तू लागली की मेंदूला ‘भाजले’ असा निरोप धाडते. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यात वाटेकरी म्हणून मिळवले. म्हणजे जीभ ओरडते ‘भाजले, भाजले!’ आणि मेंदू म्हणतो, ‘अरे, हा तर ठेचा आहे.’ पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाच्या मते शरीर फसले आहे आणि आपण मात्र सुखरूप आहोत, हे कळण्यातच एक आनंद आहे. मिरची खाणे, रडवणारे नाटक पाहणे आणि भीतीच्या गोष्टी वाचणे हे त्याने एकाच माळेत ओवले.

भुताळी वाड्याच्या कादंबरीत नेमके हेच चालते. पहारेकरी ओरडत असतो आणि त्याच वेळी हाताला पुस्तकाचा पुठ्ठा लागत असतो. वाटेल तेव्हा पुस्तक मिटता येते, हे तुम्हाला ठाऊक असते. शिवाय प्रसंग टळला, की छातीतली धडधड लगेच थांबत नाही. ती काही वेळ चालूच राहते आणि सुटकेच्या आनंदात मिसळून त्याला आणखी रंगत आणते.

मात्र ठेच्यात मीठमिरची जशी बेताची लागते, तशी इथे भीतीही बेताचीच लागते. डेन्मार्कमध्ये पैसे देऊन घाबरून घेण्यासाठी उभारलेले एक भुताचे घर आहे. तेथे आलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजून ऑर्‌हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली निष्कर्ष काढला, की फार कमी भीती वाटली तर मजा येत नाही आणि फार जास्त वाटली तरीही येत नाही. सर्वांत जास्त मजा मधल्या टप्प्यावर येते. तो टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. तुमच्या बहिणीला रटाळ वाटलेली कादंबरी तुमची झोप उडवू शकते.

हिल हाऊसची दारे

या प्रकारातील एक उत्कृष्ट कादंबरी म्हणजे शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’. डॉ. माँटेग्यू नावाचे एक गृहस्थ भुताटकीचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी तीन तरुण सोबत्यांसह एका बदनाम घरात येऊन राहतात. रात्री बंद दारांवर धडका बसतात, एका खोलीच्या दारापाशी हाडे गोठवणारी थंडी जाणवते. पण गंमत अशी, की लेखिका आपल्याला भूत कोठेच दाखवत नाही. दारापलीकडे काय आहे, ते आपल्यालाच रंगवावे लागते. रॅडक्लिफचेही हेच मत होते. काही तरी अंधुक जाणवत राहिले की मन सावध आणि जागे होते. बीभत्स वस्तू समोर आणून ठेवली की ते आखडून जाते.

आणि या घराची दारे आपोआप मिटतात! कारण डॉ. माँटेग्यू स्वतःच सांगतात: घर बांधणाऱ्याने एकही कोन धड काटकोन ठेवलेला नाही. सारे थोडे थोडे तिरके आहे. हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. दाराच्या बिजागऱ्या ओळंब्यात नसल्या, म्हणजे वरची बिजागरी खालच्या बिजागरीच्या बरोबर वर नसली, तर दार फिरताना त्याचा गुरुत्वमध्य थोडा वरखाली होतो. मोकळे सोडलेले दार मग जेथे हा मध्य सर्वांत खाली येईल, तेथे जाऊन थांबते. तुमच्या घरात असे दार असेल, तर चौकटीला दोरी आणि दगडाचा ओळंबा लावून पहा.

रात्री घर कुरकुरते, त्याचाही हिशेब करता येतो. लोखंडी पत्रा तापमान एक अंशाने उतरले की लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने आकसतो. छपराचा पत्रा ३ मीटर लांब असून दुपारपासून रात्रीपर्यंत ३० अंशांनी थंड झाला, तर तो सुमारे १ मिलिमीटर आखडेल. खिळे त्याला धरून ठेवतात, ताण वाढत जातो आणि एकाएकी तो सरकतो. खट्! दिवसाच्या गलबल्यात हा आवाज कोणाला ऐकू येत नाही. रात्री कादंबरी वाचणाऱ्याला मात्र तो हमखास ऐकू येतो.

डोळेही आपल्याला साथ देत नाहीत. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मधोमध नसतात, त्या कडेला असतात. म्हणून अंधारात डोळ्यांच्या कोपऱ्यातून काही तरी अंधुक दिसते आणि सरळ पाहायला जावे तर नाहीसे होते! एखाद्या अंधुक ताऱ्याकडे रोखून आणि मग किंचित बाजूला पाहून तुम्ही याचा पडताळा घेऊ शकता.

आवाज, की अपेक्षा?

इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत व्हिक टँडी नावाचा अभियंता काम करीत असे. तेथे त्याला विनाकारण अस्वस्थ वाटे. एकदा तर डोळ्यांच्या कडेला करडी आकृतीही दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात, म्हणजे वस्तू पकडून ठेवणाऱ्या यंत्रात, आवळलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरताना त्याने पाहिले. भूत म्हणून पळून न जाता त्याने शोध घेतला. नव्याने बसवलेला हवा ओढणारा पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपने निर्माण करीत होता. इतका खर्जातला ध्वनी आपल्या कानांना सहसा ऐकू येत नाही. पंख्याची जोडणी बदलताच सारे थांबले. १९९८ साली त्याने हे प्रसिद्ध केले.

पण विज्ञान एका उदाहरणावर थांबत नाही. लंडनमधील संशोधकांनी मुद्दाम एक खोली तयार करून तीत असा ध्वनी आणि विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रे कधी चालू, कधी बंद ठेवली. आत फिरून आलेल्या पुष्कळांनी चमत्कारिक अनुभव सांगितले. मात्र यंत्रे चालू असण्याचा वा बंद असण्याचा त्यांच्याशी संबंध आढळला नाही. येथे काही तरी विचित्र वाटेल, असे आधी सांगितले होते. तेवढे पुरेसे झाले असावे, असे संशोधकांनी २००९ साली लिहिले. कादंबरीचे मुखपृष्ठ आणि पहिले प्रकरण हेच काम करतात. तेथे ‘काही तरी होणार’ ही अपेक्षा पेरली जाते.

पुस्तकाच्या आत आणि बाहेर

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस मानलेला आहे. त्याची कारणे सांगताना घुबडांच्या व कोल्ह्यांच्या ओरडण्याबरोबर ‘शून्यागार’ म्हणजे ओसाड घर हेही सांगितले आहे. भय ही भावना नकोशी; रंगभूमीवरून वा पुस्तकातून तिचा आस्वाद घेतला की तिचा रस होतो. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी हा रस वाचकांच्या कित्येक पिढ्यांना दिला आहे.

पण रस होण्यासाठी एक अट आहे. लगाम आपल्या हाती हवा. वाचणारा आपल्या इच्छेने वाचतो आणि हवे तेव्हा थांबतो. पुस्तकाबाहेर मात्र ‘हिला भूत लागले आहे’ असे एखाद्या आजारी मुलीबद्दल कोणी म्हणू लागले, तर लगाम तिच्या हाती राहत नाही. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, चटके देणे आणि मिरचीची धुरी देणे हे सारे त्या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत. पहा, मिरची तीच आहे! आपल्या हाताने खाल्ला तर ठेचा. दुसऱ्याने बळजबरीने नाकात धूर कोंडला तर छळ. भीतीचेही तसेच आहे. म्हणून भुताची कादंबरी जरूर वाचा; पण लहान भावंडाला अंधारात कोंडून ‘भूत आले’ म्हणू नका, आणि कोणाच्या आजाराला भूत म्हणू लागले तर डॉक्टरांकडे न्यायचा आग्रह धरा.

करून पहा

आता दोन सोपे प्रयोग. पहिल्यासाठी घड्याळ पुरे. कादंबरी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि मनगटावरची नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करा. सर्वांत भीतीदायक प्रकरण संपताच पुन्हा मोजा आणि पुस्तक मिटल्यावर दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. दुसऱ्या रात्री त्याच वेळी, त्याच जागी भूगोलाचा धडा वाचून तसेच आकडे घ्या. वाचताना मध्येच उठू नका आणि चहा घेऊ नका, नाहीतर आकडे बिघडतील. शिक्षकांनी साऱ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडले, तर कोणाचा ‘मधला टप्पा’ कोठे आहे यावर चांगली चर्चा होईल.

दुसरा प्रयोग वर्गातच करा. वाड्यातल्या खोलीचे एक वर्णन मोठ्याने वाचा आणि पाच जणांना एकमेकांचे न पाहता त्या खोलीचे चित्र काढू द्या. एकाचा जिना डावीकडे असेल, दुसऱ्याचा उजवीकडे. एकाची खिडकी उघडी, तर दुसऱ्याला खिडकीच आठवणार नाही. पाच चित्रांपैकी कोणते खरे, हे लेखकालाही सांगता येणार नाही. ती चित्रे शेजारी शेजारी लावा आणि प्रत्येकाला विचारा, ‘तुझ्या खोलीत भीती नेमकी कोठे आहे?’